उसातल्या वाघराचे निवेदक

आमच्या गल्लीत दूध येत नाही, दुधाचं आगमन होतं. सकाळी दूधवाल्याची मोटारसायकल वळणावर दिसली, की समोरच्या ओट्यावरून भरदार आवाज उठतो, "ज्यांच्या प्रतीक्षेत आपण सर्व जण रिकामी पातेली घेऊन उभे आहोत, ते दुग्धव्यवसायातील उगवतं नेतृत्व, श्रीमान गोरखशेठ यांचं आपल्या गल्लीत आगमन झालेलं आहे. मी त्यांना नम्र विनंती करतो, की आज त्यांनी पाणी बेताने घालून उपस्थितांना उपकृत करावं." गोरखला आता याची सवय झाली आहे. तो कॅन खाली टेकवतो, चारी दिशांना हात जोडतो आणि मगच माप काढतो.

हा आवाज सोपानराव लोंढ्यांचा. श्रीरामपूर आणि आजूबाजूच्या गावांत एके काळी त्यांच्याशिवाय मोठं लग्न लागत नसे. ते ना गुरुजी, ना आचारी, ना मांडववाले. ते माईकवाले. आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टकांइतकंच एक काम जोखमीचं असतं, ते म्हणजे आलेल्या पाहुण्याचं नाव माईकवरून घेणं. नाव राहिलं तर पाहुणा जेवत नाही, आणि जेवलाच तर तीन पिढ्या विसरत नाही. सोपानराव गाडीतून बाहेर पडलेली नुसती चप्पल पाहून सांगायचे, की हे सोसायटीचे चेअरमन की कारखान्याच्या माजी संचालकांचे मेहुणे. एकदा कुणीतरी हरवलेली म्हैस शोधत मांडवात शिरला, तर "पशुसंवर्धन क्षेत्रात अहोरात्र भटकंती करणारे" म्हणून त्यांनी त्याला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. तो जेवून, टॉवेल-टोपी घेऊन गेला. म्हशीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

त्यांना भाषा दोन. माईकची शुद्ध, तुपात घोळलेली. घरातली साधी. "वधूपित्याच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळत आहेत" असं म्हणून झालं, की माईकवर हात ठेवून शेजारच्याला, "आवो, पंगत बसली का न्हाई? भूक लई लागली हाय."

मग शहरांतून नवे निवेदक आले. कानाला चिकटवलेला माईक, चकचकीत कोट, मागे धूर सोडणारं यंत्र. पाहुण्यांची नावं घेण्याऐवजी ते नवरानवरीला कोडी घालायला लागले. सोपानरावांना आमंत्रणं कमी झाली, आणि गेल्या हंगामात तर एकामागून एक तिथ्या कोरड्या गेल्या. त्यांच्या सौभाग्यवती नाशिकला लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या होत्या, त्या नातवात रमून तिथेच राहिल्या. सोपानरावांचा स्पीकरचा डबा खोळ घालून कोपऱ्यात बसला आणि सोपानराव ओट्यावर. "आवाज हाय सर, पन बोलवनारं कुनी न्हाई," असं ते मला एकदाच म्हणाले, आणि लगेच समोरून चाललेल्या कोथिंबीरवाल्या बाईंचं गल्लीच्या वतीने हार्दिक स्वागत केलं.

अशात माझी भाची तेजू आमच्या माडीवर राहायला आली. ही राजूरची. पुण्यात चित्रकला शिकली आणि नोकरी सोडून चित्रकथा काढायला बसली. तिच्या चित्रकथेचं नाव 'उसातलं वाघरू'. आमच्याकडे बिबट्याची पिल्लं उसातच जन्मतात, त्यांना ऊस म्हणजेच जंगल वाटतं. तोड सुरू झाली की त्यातल्या एका पिल्लाचं जंगल रोज थोडंथोडं ट्रॉलीत भरून कारखान्याला जायला लागतं. मग ते खरं जंगल शोधत राजूरच्या डोंगराकडे निघतं, वाटेत विहिरीत पडतं, अशी ती गोष्ट. चित्रं पाहून माझी बायको ललिता दोन वेळा रडली आणि एकदा भाजी करपवून बसली.

प्रकाशक म्हणाले, छान आहे, पण रंगीत छपाई परवडत नाही. तेजू म्हणाली, मग मी लोकवर्गणीतून छापते. तिने एका वेबसाइटवर पान उघडलं. ज्याला पुस्तक हवं त्याने आधीच पैसे द्यायचे. थोडे दिले तर पुस्तक, जास्त दिले तर चित्रकाराच्या सहीसकट पुस्तक, आणि खूपच दिले तर विहिरीभोवती जमलेल्या गर्दीत तुमचं स्वतःचं चित्र. मात्र ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम जमली नाही, तर सगळे पैसे ज्याचे त्याला परत. म्हणजे पुस्तक नाही. आणि पुस्तक नाही झालं तर तेजू वडिलांना दिलेल्या शब्दाप्रमाणे पुन्हा पुण्याच्या नोकरीला, साबणाच्या वड्यांची चित्रं काढायला जाणार.

हे सगळं ती मला ओट्यावर बसून समजावत होती. समोरच्या ओट्यावर सोपानराव दाढी करत होते. त्यांचा वस्तरा हवेत थांबला.

"काय म्हन्लीस पोरी? वर्गनी परत?"

"हो काका. रक्कम पूर्ण नाही झाली तर."

सोपानराव अर्ध्या फेसासकट रस्ता ओलांडून आले. "आगं, आपल्या तालुक्यात आजपर्यंत वर्गनी कमी पडली आसंल, जास्त झाली आसंल, कुनी खाल्ली बी आसंल. पन परत? परत कदी गेली न्हाई. ही नामुष्की मी या गल्लीला येऊ दिनार न्हाई." आणि तिथल्या तिथे, फेस ओघळत असताना, त्यांचा तो दुसरा आवाज लागला, "उदयोन्मुख चित्रकार कुमारी तेजश्री यांच्या शुभकार्याची धुरा आजपासून आम्ही शिरावर घेत आहोत."

तेजूला हे आवडलं. तिला काय माहीत.

पहिल्या आठवड्यात बसस्टँडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. मध्ये तेजूने काढलेलं वाघरू, खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतले आम्ही सगळे, माझा फोटो मतदान ओळखपत्रावरचा. फ्लेक्सवाल्याने घाईत जुनाच साचा वापरला होता, त्यामुळे वाघराच्या गळ्यात हार आणि दोन्ही बाजूंना समया. त्या दिवशी किमान चार जणांनी मला थांबवून विचारलं, की बिबट्या कधी गेला आणि दशक्रिया कुठे आहे. सोपानरावांना सांगितलं तर म्हणाले, "लोकं थांबून वाचत्यात ना? मग झालं."

वेबसाइटचा तो चौकोनी कोड त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवला होता. माणूस भेटला की आधी त्याचं यथोचित स्वागत, मग त्याच्याच खिशातून मोबाईल काढून, "जरा हितं धरा." नकार द्यायला उसंतच नाही. केशकर्तनालय, पीठगिरणी, बँकेची रांग, सगळीकडे वाघरू पोचलं. वर्गणी रोज थोडी वर सरकायची आणि संध्याकाळी ते तेजूला रस्त्यावरूनच ओरडून आकडा विचारायचे. सगळ्या गल्लीला तो आकडा पाठ. पण मुदत सरत आली तरी रक्कम अर्ध्यातच रेंगाळत होती.

आणि नेमकं त्यांना एक लग्न मिळालं. राहुरीच्या बाजूचं. नवरीच्या वडिलांचं लग्नसुद्धा सोपानरावांनीच गाजवलं होतं, म्हणून आग्रहाचं बोलावणं. ठेवणीतलं जाकीट घालून, स्पीकरच्या डब्याची खोळ काढून ते गेले. गळ्यात कोड होताच. मांडवात हार घालताना तो अडकायला लागला म्हणून त्यांनी काढून ठेवला. कुठे ठेवला? आहेराच्या टेबलावर.

पुढचं मी सांगायला नको, पण सांगतो. पाकिटं घेऊन बसलेले नवरीचे मामा जेवायला उठले. मंडळी आली, त्यांना टेबलावर कोड दिसला. हल्ली आहेरही मोबाईलवरून होतो, हे आता खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. कोड धरला की मोबाईलवर बिबट्या उघडायचा. पण हल्ली लग्नपत्रिकेवर काय वाट्टेल ते असतं, तेव्हा कुणाला शंका आली नाही. "नवरदेव फॉरेस्टात हाय वाटतं," एवढंच एक आजीबाई म्हणाल्या.

इकडे माडीवर तेजूचा मोबाईल वाजायला लागला तो थांबेना. रक्कम भराभर चढत होती. आम्ही जिन्यात नाचलो. ललिताने शिरा टाकला. मग तेजूने वर्गणीदारांनी लिहिलेले संदेश वाचायला घेतले. पहिला होता, "नांदा सौख्यभरे." दुसरा, "लवकर गोड बातमी द्या." तिसऱ्याला मात्र ती खाली बसली. "मामा, हा आहेर आहे."

सोपानराव परतले तेव्हा त्यांना कोडाची आठवणही नव्हती, चेहऱ्यावर लग्न गाजवल्याचं समाधान होतं. तेजूने सांगितलं. रक्कम पूर्ण झाली होती, पुस्तक झालं होतं, फक्त ते दुसऱ्याच्या पोरीच्या आहेरातून झालं होतं. तेजू त्यांना एक शब्दही लागेल असं बोलली नाही. वेबसाइटवाल्यांना कळवून तिने त्या दिवशीची सगळी वर्गणी ज्याची त्याला परत पाठवली. सोपानराव स्वतः त्या लग्नघरी जाऊन हात जोडून आले. आकडा पुन्हा होता तिथे आला आणि मुदतीचा आठवडाच काय तो उरला.

दुसऱ्या दिवशी दूध आलं, नुसतं आलं. गोरख कॅन टेकवून समोरच्या ओट्याकडे बघत राहिला. तिथे कुणी नव्हतं. "काका आजारी हायेत का?" त्याने विचारलं. भाजीवाल्या बाईंनीही विचारलं. खरं सांगतो, इतकी वर्षं त्या आवाजाला वैतागलेला मी, पण त्या दिवशी मला दाढी करताना बरं वाटेना.

त्याच संध्याकाळी मात्र त्यांचं दार उघडलं आणि सोपानराव थेट आमच्या माडीवर. "पोरी, इहिरीपाशी जी गर्दी दाखवनारैस तू, ती कशी उभी हाय?"

"अशीच काका. सगळे वाकून बघताहेत."

"हितंच चुकतंय. म्हनून तर कुनी मोठी वर्गनी देत न्हाई. गर्दीत उभं राह्यला पैशे कोन दील? पैल्या रांगेला सोफे टाक."

"विहिरीपाशी? उसात?"

"व्हय. लाल सोफे. आन फेटे."

तेजू हसायला लागली, इतकी की पेन्सिल हातातून पडली. सोपानराव गंभीर होते. गावाकडच्या माणसाचा मानपान त्यांच्याइतका कुणाला कळणार? चार-पाच दिवस त्यांनी जिल्हा पिंजून काढला. ज्यांची नावं त्यांनी जन्मभर माईकवरून घेतली होती, त्या प्रत्येकाच्या दारात उभं राहून एकच वाक्य, "पुस्तकात पैल्या रांगेत सोफा राखून ठेवलाय आपल्याला. न्हाई म्हनलात तर व्याह्यांना द्यावा लागंल." व्याही हा शब्द ऐकल्यावर नाही म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे.

मागण्या मात्र काय एकेक. मांडवाच्या कंत्राटदाराला विहिरीत सोडलेला दोर स्वतःच्या हातात हवा होता. औषधांच्या दुकानदाराला घाबरलेलं दिसायचं नव्हतं. जामखेडच्या एका माजी सभापतींना वाघराला उद्देशून चार शब्द बोलायचे होते. एका काकूंची अट, की वाघराने आपल्याकडे बघावं, जावेकडे बघू नये. आणि जिच्या लग्नात हा घोळ झाला ती नवी नवरी, तिने स्वतःहून नवऱ्यासकट दोन जागा घेतल्या, "लग्नात आमच्याकडं कुनी बघितलंच न्हाई, सगळे मोबाईलमधल्या बिबट्याकडं बघत होते, मग आता त्याच्याच शेजारी बसवा," म्हणाली. मुदत संपायच्या आदल्या दुपारी रक्कम पूर्ण झाली. सोपानरावांनी गल्लीच्या मध्यभागी उभं राहून, "वर्गणी परत जात नाही, याची समस्त ग्रामस्थांनी नोंद घ्यावी," असं जाहीर केलं आणि मग ओट्यावर बसून उपरण्याने डोळे पुसले.

पुस्तक झालं आणि ते पान म्हणजे पुस्तकाचा कळस झाला. वाघरू भिजलेल्या अंगाने विहिरीतून डोकं वर काढतं आणि समोर काय बघतं, तर तोडलेल्या उसाच्या फडात लाल सोफ्यांची रांग, त्यावर फेटेवाले, आणि कुणीतरी त्यालाही श्रीफळ द्यायला पुढे आलेलं. ते वाघरू असं काही बघतं, की आपण जंगल सोडून नक्की कुठे आलो हे त्याला त्याच वेळी कळतं. लांबलांबची, कधी श्रीरामपूरचं नाव न ऐकलेली माणसं त्या पानासाठी पुस्तक मागवू लागली. तेजू दुसरं पुस्तक काढायला राजूरला गेली. साबणाच्या वड्या राहिल्या.

प्रती कुरियरने पाठवायच्या होत्या. सोपानरावांनी त्याला साफ नकार दिला. "सोफ्यावरच्या मानसाला कुरियर? हातात द्यायचं, नाव घिऊन." मग ते एसटीने निघायचे. पिशवीत प्रती, डोक्याला फेटा. मी एकदा त्यांच्याबरोबर जामखेडला गेलो. माजी सभापतींच्या दारात उभं राहून त्यांनी आख्खं निवेदन केलं. सभापती खुर्चीतून उठून आले, आतून सगळं घर बाहेर आलं, चहा झाला, जेवणाचा आग्रह झाला. "किती दिवसांनी आलात सोपानराव," असं सभापतींच्या म्हाताऱ्या आईने विचारलं, तेव्हा ते नुसते हसले. परतताना एसटीत खिडकीशी बसून म्हणाले, "आता राहिल्या थोड्या प्रती." मला वाटलं दमले असतील.

त्या थोड्या प्रतींत आमची एक होती. आम्हीही साधी एक प्रत नोंदवली होती. सगळ्या गावाला पुस्तकं मिळाली, आमची येईना. सोपानराव रोज संध्याकाळी दारात येऊन तिचा ठावठिकाणा सांगायचे. आधी म्हणाले, बाइंडरकडे पानांचा एक फर्मा उलटा लागला. मग बाइंडरला कावीळ झाली. मग प्रत चुकून राजुरीच्या गठ्ठ्यात गेली, तिथून ती निघाली पण कंडक्टरने संगमनेरला उतरवली. एकदा तर ती पाण्यात भिजल्यामुळे वाळत घातली होती. हे सगळं सविस्तर, मध्ये चहा, पोह्यांची बशी, ललिताशी भाजीच्या भावांवर चर्चा, नातवाचे नाशिकहून आलेले फोटो. दिवे लागून बराच वेळ झाला की, "येतो मग, उद्या कळवतो," म्हणून रस्ता ओलांडायचे. हे महिन्यावर चाललं. शेवटी मी चिडलो आणि तेजूला फोन लावला. म्हटलं, अगं तुझ्या मामालाच पुस्तक नाही.

"असं कसं मामा? तुझी प्रत तर पहिल्याच गठ्ठ्यात होती. मी स्वतः सही करून काकांच्या हातात दिली होती."

मी फोन ठेवला. ललिता तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, तुझे ते भाऊजी आपल्याशी खोटं बोलताहेत.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांच्या ओट्यावरचे कपडे गोळा करून आत ठेवायला गेले होते, तेव्हा बघितलं मी पुस्तक. देव्हाऱ्याशेजारी नीट ठेवलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? जन्मभर कुणीतरी बोलावलं म्हणून कुणाच्या दारात गेलेला माणूस आहे तो. कामाशिवाय कसं यायचं, ते त्यांना येत नाही. पुस्तक दिलं की संपलं ना." तिने सूप झटकलं. "तुम्ही आज त्यांना काही विचारायचं नाही."

मला फार वाईट वाटलं. समोरासमोर दारं, आणि त्या माणसाला रस्ता ओलांडायला बाइंडरला कावीळ करावी लागत होती.

संध्याकाळी ते आले. आल्या आल्या निवेदन झालं नाही. उंबऱ्याशी उभे राहून साध्या आवाजात म्हणाले, "सर, तुमच्या पुस्तकाचं जरा आवघडच दिसतंय. बाइंडरचा मुलगा म्हनतो..." बहुतेक कारणं संपली होती.

"कव्हर खराब झालं असेल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "व्हय. कव्हरच. नवं छापावं लागंल."

"मग सावकाश छापू द्या. पण खबर रोज द्यायची हं सोपानराव, माझा जीव लागलाय त्या पुस्तकात."

ललिता आतून म्हणाली, "आणि उद्या जेवायलाच या. वांगी आणली आहेत."

सोपानराव चप्पल काढून आत आले, खुर्चीवर बसले. मग उपरणं सारखं करत म्हणाले, "वहिनी, वांग्यात गूळ घालू नका. आमची बायकू तसं घालती, ते मला कदी आवडलं न्हाई, पन तिला सांगितलं न्हाई."